सनदेपासून संविधानापर्यंत : मुंबई उच्च न्यायालयाची वाटचाल

कोल्हापूर येथे १८ ऑगस्ट २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या फिरत्या खंडपीठाचे, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या सर्किट बेंचचे, कामकाज सुरू झाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतील पक्षकारांनी अपिलाच्या एकेका तारखेसाठी कागदांचे गाठोडे काखोटीस मारून रात्रीच्या गाडीने मुंबई गाठावयाची, ही पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली यातायात त्या दिवसापासून पुष्कळ अंशी सरली. चाळीस वर्षांहून अधिक काळ वकीलवर्गाने नेटाने लावून धरलेल्या मागणीला हे फळ आले असून, त्याच्या स्मरणार्थ निघणाऱ्या या ग्रंथात उच्च न्यायालयाचा पूर्वेतिहास यावा, हे सर्वथैव उचित आहे.

हा इतिहास इमारतीच्या अनुषंगाने सांगता येतो, न्यायमूर्तींच्या नामावळीच्या आधारे सांगता येतो, किंवा गाजलेल्या खटल्यांची माळ ओवूनही सांगता येतो. प्रस्तुत लेखकास मात्र या साऱ्या इतिहासात एकच प्रश्न पुन्हा पुन्हा समोर उभा राहिलेला दिसतो : न्यायाधीशास आसनावर कोण बसवितो, आणि त्याचा निर्णय सत्ताधाऱ्यास न रुचल्यास त्याला तेथून उठविण्याचा अधिकार कोणाच्या हाती असतो? कायद्याची कलमे कितीही निर्दोष असली, तरी या प्रश्नाचे उत्तर जेथे असमाधानकारक असते तेथे इनसाफ हा सरकारच्या मेहेरबानीवर राहतो. आणि ते उत्तर समाधानकारक व्हावे म्हणून या प्रांतात जो झगडा झाला, त्यातच या संस्थेच्या मोठेपणाचे मूळ आहे, अशी आमची धारणा आहे.

मुंबई बेट ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात आल्यानंतर गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियर यांनी १६७२ मध्ये येथे पहिले इंग्रजी न्यायालय स्थापिले आणि जॉर्ज विलकॉक्स यांना त्याचे न्यायाधीश नेमिले. त्या काळच्या मानाने ही गोष्ट दूरदृष्टीची खरी. परंतु न्यायाधीश हा कंपनीच्याच पगारावरचा नोकर, आणि कंपनी ही व्यापारी पेढी. १७२६ च्या राजसनदेनुसार १७२८ मध्ये मेयरचे न्यायालय आले, आणि १७९८ मध्ये त्याची जागा रेकॉर्डरच्या न्यायालयाने घेतली. १८२३ च्या कायद्याने व त्याखालील सनदेने मुंबईत सर्वोच्च न्यायालय स्थापन झाले व मे १८२४ मध्ये त्याचे काम सुरू झाले. त्याचे न्यायाधीश कंपनीने नेमलेले नव्हते. ते राजाचे होते. नेमके येथेच वादाचे बीज पेरले गेले.

कारण तोवर पेशवाई बुडून सहा वर्षे लोटली होती, आणि दख्खनच्या नव्या मुलखात कंपनीने आपली निराळी न्यायव्यवस्था उभी करण्यास आरंभ केला होता. सदर दिवाणी अदालत व सदर फौजदारी अदालत ही तिची शिखरे. त्यांखाली जिल्ह्याजिल्ह्यांतील न्यायाधीश, सदर अमीन व मुन्सफ. मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या कारकीर्दीत १८२७ चे कायदे तयार झाले आणि या अदालतींच्या कारभारास शिस्त लागली. अशा रीतीने एकाच प्रांतात दोन न्यायसत्ता नांदू लागल्या. मुंबई बेटावर राजाचे न्यायालय, तेथे बॅरिस्टर, इंग्लंडचा कायदा आणि इंग्रजी भाषा. बेटाबाहेर कंपनीची अदालत, तेथे मुलकी नोकरीतून आलेले न्यायाधीश, हिंदू व मुसलमानी धर्मशास्त्र, मोडी दप्तर आणि देशी वकील. या दोन प्रवाहांपैकी एकाचा दुसऱ्यावर किती अंमल चालावा, हे सनदेत निःसंदिग्धपणे लिहिलेले नव्हते.

तो प्रश्न पुण्यातील एका मुलाच्या निमित्ताने धसास लागला. मोरो रघुनाथ नावाचा चौदा वर्षांचा, पेशव्यांच्या नात्यागोत्यातील एक विवाहित मुलगा पुण्यास आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांच्या, म्हणजे पांडुरंग रामचंद्र या पहिल्या प्रतीच्या सरदारांच्या, ताब्यात होता. त्याला डांबून ठेवण्यात आले असून त्याच्या जिवास अपाय होत आहे, अशी तक्रार त्याच्या सासरकडून मुंबईच्या सर्वोच्च न्यायालयात गुदरण्यात आली. अटकेतील मनुष्याला देहाने न्यायालयापुढे हजर करा आणि अटकेचे कारण सांगा, असा जो इंग्रजी कायद्यातील थोर हुकूम, तो न्यायालयाने पुण्याकडे रवाना केला. गव्हर्नर सर जॉन मॅल्कम यांनी हा हुकूम पुण्यात बजावू देण्याचे साफ नाकारिले. नव्याने जिंकलेल्या मुलखात मानकरी सरदारांची प्रतिष्ठा राखण्याचे वचन सरकारने दिलेले, आणि हे न्यायालय तर त्यांस सामान्य आरोपींप्रमाणे मुंबईस खेचू पाहत आहे, असा त्यांचा आक्षेप होता.

हा तंटा विकोपास जात असतानाच न्यायालयावर दैवाचाही आघात झाला. मुख्य न्यायाधीश सर एडवर्ड वेस्ट १८२८ च्या ऑगस्टमध्ये निवर्तले, आणि पुढे दोन महिने उलटतात न उलटतात तोच त्यांचे सहकारी सर चार्ल्स चेंबर्स हेही गेले. एकटे सर जॉन पीटर ग्रँट आसनावर उरले. सरकार न्यायालयाचे हुकूम जुमानीत नाही असे दिसून येताच, १ एप्रिल १८२९ रोजी, जेथे राजाच्या न्यायालयाची आज्ञा चालत नाही तेथे न्यायदानाचे नाटक करण्यात अर्थ नाही या भूमिकेने, त्यांनी न्यायालयाचे दरवाजेच बंद केले. प्रिव्ही कौन्सिलने पुढे निर्णय दिला तो सरकारच्या बाजूचा. मुंबई बेटाबाहेरच्या, सर्वोच्च न्यायालयाच्या हुकमतीत न येणाऱ्या रयतेपर्यंत असा हुकूम पोहोचत नाही, असे ठरले. सनदेचा शब्दार्थ पाहता तो निर्णय चुकीचा म्हणता येणार नाही. पण त्याच सुमारास विलायतेतील कंपनीच्या कारभारावर देखरेख ठेवणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष लॉर्ड एलेनबरो यांनी मॅल्कम यांस जे खाजगी पत्र लिहिले ते बाहेर फुटले, आणि त्यात ग्रँट यांच्याविषयी, दोन माणसाळलेल्या हत्तींच्या मध्ये रानहत्ती सापडावा तशी त्याची गत होईल, अशा अर्थाचे उद्गार होते. सरकारला अनुकूल वाटणारी माणसे निवडून मुख्य न्यायाधीशाच्या जागी मुंबईचेच अ‍ॅडव्होकेट जनरल ड्यूअर यांस बसविण्यात आले, आणि ग्रँट पुढे मुंबई सोडून कलकत्त्यास गेले. न्यायाधीश राजाचा असला तरी राजाच्या मर्जीचा धनी कोणी मंत्रीच असतो, हे त्या पत्राने उघड्यावर मांडिले.

सत्तावन्नच्या उठावानंतर कंपनीचे राज्य संपले आणि दोन न्यायसत्तांचे प्रयोजनही संपले. १८६१ च्या हायकोर्ट कायद्याने सर्वोच्च न्यायालय व सदर अदालत यांचे एकीकरण करण्याचे ठरून २६ जून १८६२ ची राजसनद आली, आणि १४ ऑगस्ट १८६२ रोजी सर मॅथ्यू सॉस हे पहिले मुख्य न्यायाधीश असलेल्या मुंबई उच्च न्यायालयाचा जन्म झाला. पंधरा न्यायाधीशांची मुभा होती. प्रारंभ सातांवर झाला. या कायद्याची घडण लक्षात घेण्याजोगी आहे. एक तृतीयांश न्यायाधीश बॅरिस्टरांतून व किमान तितकेच मुलकी नोकरीतून घेतलेच पाहिजेत, असा दंडक घालण्यात आला. दहा वर्षे वकिली केलेल्या देशी वकिलांनाही दार किलकिले ठेवण्यात आले. दोन प्रवाह एका पात्रात आले, पण मिसळले मात्र नाहीत. मूळ शाखा व अपील शाखा असे दोन भाग राहिले. एकीकडे सॉलिसिटर व बॅरिस्टर यांची जोडी, दुसरीकडे मुफस्सलातून आलेले वकील. ‘ओरिजिनल साइड’ आणि ‘अपेलेट साइड’ ही नावे हायकोर्टाच्या आवारात आजही प्रत्येकाच्या तोंडी आहेत. मात्र न्यायाधीशाची मुदत राणीच्या मर्जीइतकीच ठेवण्यात आली. ग्रँट यांच्या प्रकरणापासून घ्यावयाचा धडा अद्याप घेतला गेला नव्हता.

फोर्टमधील अरबी समुद्राकडे तोंड करून उभ्या असलेल्या आजच्या वास्तूविषयी थोडे सांगितले पाहिजे. तिचे आराखडे कर्नल जेम्स फुलर यांचे. एप्रिल १८७१ मध्ये काम सुरू झाले, नोव्हेंबर १८७८ मध्ये ते पुरे झाले, आणि १० जानेवारी १८७९ रोजी तेथे पहिले कामकाज झाले. मधल्या मनोऱ्याची उंची १७८ फूट, आणि दोन्ही अष्टकोनी मनोऱ्यांवर न्याय व करुणा यांच्या मूर्ती. सरकारी बांधकामांच्या इतिहासात विरळा अशी एक नोंद दप्तरात आहे : मंजूर रक्कम १६,४७,१९६ रुपये होती व प्रत्यक्ष खर्च १६,४४,५२८ रुपये झाला, म्हणजे सात वर्षांच्या बांधकामानंतर २,६६८ रुपये शिल्लक पडले. २०१८ मध्ये मुंबईतील या परिसराची गणना जागतिक वारशात झाली, त्यात या वास्तूचाही समावेश आहे.

पण मुफस्सलातील शेतकऱ्याची गाठ या मनोऱ्यांशी कधीच पडत नसे. त्याची गाठ पडे ती तालुक्याच्या कोर्टाशी. १८६९ च्या मुंबई दिवाणी न्यायालयांच्या कायद्याने जिल्हा न्यायाधीश व त्याखाली पहिल्या व दुसऱ्या वर्गाचे दुय्यम न्यायाधीश अशी उतरंड बांधण्यात आली; दुसऱ्या वर्गाच्या न्यायाधीशापुढे पाच हजारांपर्यंतचे दावे चालत. ही उतरंड नावे बदलून आजही कायम आहे. तिने काय केले हे मात्र निखळ कौतुकाने सांगता येत नाही. सावकाराने दावा लावावा, कुळास समन्स पोहोचले न पोहोचले तोच एकतर्फी हुकूमनामा व्हावा, आणि दरखास्त होऊन जमीन व बैल लिलावात जावेत, असा क्रम दख्खनमध्ये सर्रास चालला. १८७५ मध्ये सुपे येथून भडकलेल्या दंग्यांत शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे व खतेपत्रे हुडकून जाळली. त्यांचा राग ज्या कागदांवर होता, त्यांना जोर आला होता तो कोर्टाच्या शिक्क्याने. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने न्यायाधीशास रोख्याच्या आड जाऊन मूळ देण्याघेण्याची चौकशी करण्याचा अधिकार दिला, तेव्हा कोठे ही चूक अंशतः सुधारली. नुसती स्वतंत्र न्यायसंस्था असून भागत नाही, तिच्या हाती न्याय्य कायदाही असावा लागतो, हे येथे नमूद केले नाही तर हा इतिहास अपुरा राहील.

एतद्देशीय न्यायाधीशांचा प्रवेश संथपणे झाला. नानाभाई हरिदास हे १८७३ मध्ये हंगामी व १८८४ मध्ये कायम न्यायाधीश झाले. १८८९ मध्ये काशिनाथ त्र्यंबक तेलंग आले. संस्कृत धर्मग्रंथांचे त्यांचे ज्ञान आणि इंग्रजी कायद्याची जाण यांचा संगम हिंदू कायद्यावरील निर्णयांत दिसतो. १८९३ मध्ये ते अकाली निवर्तले, आणि त्यांच्या जागी महादेव गोविंद रानडे आले.

रानड्यांच्या आयुष्यातील पूर्वभाग आमच्या विषयाशी अगदी निगडित आहे. १८७१ पासून ते पुण्यास पहिल्या वर्गाचे दुय्यम न्यायाधीश होते, आणि सार्वजनिक सभेच्या कार्यामागे त्यांची बुद्धी आहे हे सर्वश्रुत होते. दुय्यम न्यायाधीशाची नेमणूक, बढती व बदली सर्वस्वी सरकारच्या हाती. १८७८ मध्ये त्यांची बदली नाशकास झाली, आणि पुढच्या वर्षी वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाची धामधूम चालू असता धुळ्यास. तेथे त्यांच्या टपालावर पाळत ठेवण्यात आली. फडक्यांच्या व इतर बंडखोरांच्या नावाची पत्रे त्यांच्या पत्त्यावर येत आणि रानडे ती जशीच्या तशी अधिकाऱ्यांच्या स्वाधीन करीत, ही हकीकत रमाबाई रानडे यांनी आपल्या आठवणींत सांगितली आहे. एकही निकाल चुकीचा दिल्याचा आरोप नसलेल्या न्यायाधीशास संशयापोटी जिल्ह्याबाहेर धाडता येत होते, त्यासाठी कोणासही कारण सांगावे लागत नव्हते, आणि तेव्हाच्या उच्च न्यायालयाच्या हातीही ते थोपविण्याचे साधन नव्हते. रानडे तरीही निर्भयपणे लिहीत राहिले, हा त्यांच्या स्वभावाचा गुण. पण न्यायव्यवस्था ही असामान्य स्वभावाच्या भरवशावर टाकण्याची गोष्ट नव्हे.

लोकमान्य टिळकांचे खटले हे या न्यायालयाच्या इतिहासातील सर्वांस ठाऊक असलेले पर्व. म्हणून त्याचा विस्तार करीत नाही. १८९७ च्या खटल्यात टिळकांना जामीन मिळाला तो न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांच्याकडून, आणि तो अर्ज चालविणारे बॅरिस्टर होते दिनशा दावर. अकरा वर्षांनी तेच दावर न्यायासनावर होते. सात युरोपियन व दोन पारशी असे नऊ ज्यूरर बसले, त्यांनी सात विरुद्ध दोन अशा मताने टिळकांस दोषी ठरविले, आणि २२ जुलै १९०८ च्या रात्री सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्यावर टिळकांनी वरिष्ठ शक्तीला स्मरून काढलेले उद्गार त्याच दालनात संगमरवरावर कोरलेले आहेत. १९५६ मध्ये मुख्य न्यायमूर्ती महंमद करीम छागला यांच्या हस्ते त्या शिलालेखाचे अनावरण झाले. ज्या दालनाने शिक्षा दिली त्याच दालनाने आरोपीचे शब्द आपल्या भिंतीवर कायमचे वागवावेत, ही घटना या संस्थेच्या प्रामाणिकपणाची साक्ष आहे. १९१६ मध्ये वीस हजारांच्या जातमुचलक्याचा व तितक्याच रकमेच्या जामिनांचा पुण्याच्या मॅजिस्ट्रेटचा हुकूम बॅचलर व लल्लुभाई शहा या न्यायमूर्तींनी रद्द केला, तेव्हा टिळकांची बाजू मांडणारे बॅरिस्टर जिना होते, हेही ध्यानात ठेवावे.

१९३५ च्या कायद्याने मर्जीची मुदत गेली. न्यायाधीश साठाव्या वर्षापर्यंत आसनावर राहील, आणि गैरवर्तन अथवा असमर्थता या कारणांवरून, तीही प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायिक समितीने तसे कळविल्यावरच, त्यास दूर करता येईल, असे ठरले. बॅरिस्टर व मुलकी नोकर यांची ठराविक वाटणीही तेव्हाच संपली.

मग संविधान आले. आपल्या देशातील राज्यांना अमेरिकेतील राज्यांप्रमाणे स्वतःची वेगळी संविधाने नाहीत. भारताच्या संविधानाचा सहावा भाग हेच प्रत्येक घटकराज्याचे संविधान होय, आणि त्यातील पाचवे व सहावे प्रकरण यांत राज्याची न्यायसंस्था बांधलेली आहे. अनुच्छेद २१४ म्हणतो की प्रत्येक राज्यास उच्च न्यायालय असेल. २१७ म्हणतो की न्यायाधीशाची नेमणूक राष्ट्रपती आपल्या सहीशिक्क्याच्या अधिपत्राने करतील. त्यासाठी भारताचे सरन्यायाधीश, राज्यपाल व त्या न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती यांचा विचार घेतील. दहा वर्षे न्यायिक पद किंवा दहा वर्षे उच्च न्यायालयातील वकिली ही पात्रता. निवृत्तीचे वय साठ होते, ते १९६३ च्या घटनादुरुस्तीने बासष्ट झाले. न्यायाधीशास दूर करावयाचे तर संसदेच्या प्रत्येक सभागृहात एकूण सदस्यसंख्येचे बहुमत आणि उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांचे दोन तृतीयांश मत लागते. त्यांचा पगार राज्याच्या संचित निधीवरील भार आहे, म्हणून विधानसभेस त्यावर मतदान करता येत नाही. आणि न्यायाधीशाच्या कर्तव्यातील वर्तनाची चर्चा राज्याच्या विधिमंडळात करण्यास २११ ने मनाई आहे. ही कलमे वाचताना त्यांमागे ग्रँट यांचे बंद केलेले न्यायालय दिसते, आणि एलेनबरो यांचे पत्रही.

सहाव्या प्रकरणाची कथा अधिक हृद्य आहे. मूळ मसुद्यात दुय्यम न्यायालयांविषयी असा भाग नव्हता; तो सप्टेंबर १९४९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी संविधान सभेपुढे मांडला. १९२३ मध्ये याच उच्च न्यायालयाच्या अपील शाखेत त्यांनी वकिलीस प्रारंभ केला होता, मुफस्सलातील कोर्टे त्यांनी प्रत्यक्ष पाहिली होती. त्या प्रकरणाने ठरविले की जिल्हा न्यायाधीशाची नेमणूक राज्यपालांनी उच्च न्यायालयाचा विचार घेऊनच करावी, आणि अनुच्छेद २३५ अन्वये दुय्यम न्यायाधीशांच्या बदल्या, बढत्या व रजा यांचे नियंत्रण उच्च न्यायालयाकडे असावे. धुळ्यास धाडलेल्या रानड्यांना जे कवच नव्हते, ते आज कणकवली किंवा करमाळा येथील दिवाणी न्यायाधीशास आहे. सामान्य माणसाच्या दृष्टीने संविधानातील न्यायविषयक कलमांत २३५ हे सर्वांत मोलाचे, असे आम्ही निःसंकोचपणे म्हणतो. कारण शंभरांतले नव्याण्णव कज्जे सुरू होतात ते त्याच कोर्टात, आणि बहुतेक तेथेच संपतात. मॅजिस्ट्रेटचे काम मुलकी अधिकाऱ्याकडून काढून घेण्याचा मुंबई राज्याचा कायदाही १९५१ चा. मामलेदारानेच पकडावे व मामलेदारानेच शिक्षा द्यावी, ही पद्धत त्याने संपविली.

आणि पुण्याच्या त्या मुलाचे काय? १९२३ मधील फौजदारी संहितेच्या दुरुस्तीने अटकेतील मनुष्यास हजर करण्याचा आदेश मुफस्सलातही देता येऊ लागला होता. तथापि इतर आज्ञापत्रे मुंबई शहराच्या हद्दीतच अडकून होती. अनुच्छेद २२६ ने ती हद्द पुसली. तसेच महसुलाच्या बाबतीत मूळ अधिकार चालविण्यास उच्च न्यायालयांना असलेली कंपनीकाळापासूनची बंदी अनुच्छेद २२५ ने उठविली. आता गडचिरोलीचा आदिवासी असो की गुहागरचा खोत, राज्य सरकारच्या बेकायदा हुकमाविरुद्ध तो थेट उच्च न्यायालयात येऊ शकतो.

पहिले कायम भारतीय मुख्य न्यायमूर्ती म्हणून छागला १९४७ ते १९५८ पर्यंत होते, आणि या नव्या अधिकारांचा पाया मुंबईत त्यांच्याच काळात घातला गेला. त्या अधिकारांची अग्निपरीक्षा आणीबाणीत झाली. स्थानबद्धांच्या अर्जांस न्यायालयाचे दार बंद नाही, असे ज्या अनेक उच्च न्यायालयांनी बजावले, त्यांत मुंबईचेही होते; सर्वोच्च न्यायालयाने २८ एप्रिल १९७६ रोजी उलट निर्णय दिला, आणि तो निर्णय चुकीचा होता हे त्याच न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट शब्दांत मान्य केले. १९७८ मध्ये सुजाता मनोहर या येथील पहिल्या महिला न्यायमूर्ती झाल्या व १९९४ मध्ये मुख्य न्यायमूर्ती. न्यायाधीश-निवडीचा अधिकार सरकारचा की न्यायवृंदाचा, हा १९९३ पासूनचा वाद २०१५ च्या निर्णयानंतरही शमलेला नाही; त्याचा निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे.

राज्याच्या सीमा बदलत गेल्या तसा या न्यायालयाचा विस्तारही बदलला. १९५६ मध्ये धारवाड, बेळगावकडचा मुलूख म्हैसूरकडे गेला. मराठवाडा हैदराबादच्या उच्च न्यायालयाकडून व विदर्भ नागपूरच्या उच्च न्यायालयाकडून येथे आला. १९६० मध्ये गुजरात वेगळे झाले. नागपूरचे उच्च न्यायालय १९३६ चे, त्याची घुमटाची देखणी इमारत १९४० ची. व्हिव्हियन बोस व हिदायतुल्ला यांच्यासारखे न्यायाधीश तेथे होऊन गेले. १ मे १९६० पासून तेथे मुंबईचे कायम खंडपीठ आहे. गोव्याची न्यायपरंपरा तर १५४४ च्या रेलासांव या न्यायालयापासूनची. तेथे पोर्तुगीज नागरी संहितेतील विवाहविषयक कायदे आजही चालतात, आणि ३० ऑक्टोबर १९८२ रोजी पणजीस खंडपीठ आले. या साऱ्या प्रदेशासाठी आज ९४ न्यायाधीशांची मंजुरी आहे.

औरंगाबादचे उदाहरण कोल्हापूरने विशेष मनावर घ्यावे. १९८१ च्या ऑगस्टमध्ये तेथे बैठक सुरू झाली ती राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम ५१ च्या तिसऱ्या पोटकलमाखाली, म्हणजे मुख्य न्यायमूर्तींनी राज्यपालांच्या संमतीने काढलेल्या आदेशाने. तीस आव्हान मिळाले, सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये ती वैध ठरविली, आणि १९८४ मध्ये दुसऱ्या पोटकलमाखाली राष्ट्रपतींच्या आदेशाने ते कायम खंडपीठ झाले. कोल्हापूरचे खंडपीठ आज तिसऱ्या पोटकलमावर उभे आहे. जो आदेश मुख्य न्यायमूर्ती काढू शकतात, तो त्यांच्यानंतरचे मुख्य न्यायमूर्ती बदलूही शकतात. न्यायाधीशाचे आसन कोणाच्या मर्जीवर असू नये हे जर आपण इतिहासातून शिकलो असू, तर खंडपीठाचे आसनही तसे असू नये. म्हणून सहाही जिल्ह्यांतील वकीलबंधूंनी व भगिनींनी, आणि पक्षकार नागरिकांनीही, एवढ्यावर समाधान न मानता, कलम ५१(२) खालील राष्ट्रपतींच्या आदेशासाठी राज्य सरकार व उच्च न्यायालय या दोहोंकडे एकमुखाने व अविलंब मागणी करावी, अशी या ठिकाणी आमची आग्रहाची विनंती आहे.